सतरा टक्क्यांचा विनोद

भुवनाला हसताना पाहिलंय असा एकही शेतकरी पापनाशमच्या आसपास सापडायचा नाही. सरकारी भातखरेदी केंद्रावर ती एकोणीस वर्षं कारकून आहे आणि चेहरा असा, की नुकतीच इस्त्री फिरवलीय. शेतकऱ्यानं पोत्याचं तोंड सोडायचं, हिनं मूठभर दाणे काढायचे, ओलावा मोजायच्या यंत्राच्या वाटीत घालायचे, वरचा स्क्रू आवळायचा आणि आकडा वाचायचा. सतरा टक्क्यांपर्यंत भात आत. त्याच्या वर गेला की दोनच शब्द, "वाळवून आणा."

"मॅडम, यंत्राला सर्दी झालीय बहुतेक," एकदा एक जण कळवळून म्हणाला.

"यंत्र ठणठणीत आहे. सर्दी भाताला झालीय," भुवना म्हणाली आणि पुढच्या पोत्याकडे वळली. हमाल पोट धरून खाली बसले, तो शेतकरीसुद्धा हसत सुटला, आणि ही मात्र 'काय झालं बाई यांना' अशा नजरेनं बघत उभी.

आता तुम्ही म्हणाल, आपण काय बोललो ते या बाईला कळलं तरी का? अहो, चांगलं कळलं होतं! त्या दिवशी तंजावरला परतताना बसच्या खिडकीशी ती एकटीच इतकी हसली, की शेजारच्या बाईनं पिशवी उचलून जागा बदलली.

आणि अशाच एका बसच्या पाठीमागे, जानेवारीत, तिनं एक जाहिरात पाहिली. विनोद लिहायला आणि करायला शिका. सोळा रविवार. चेन्नईची कुठलीशी संस्था, तंजावरात मेडिकल कॉलेज रोडला नवी शाखा, खाली फोन नंबर. बस पुढे सुटली तशी भुवना रस्त्यातून चार पावलं तिच्यामागे धावली, नंबर पाठ केला आणि तिथंच झाडाखाली उभं राहून फोन लावला. वय पंचेचाळीस, चालेल का? चालेल. तमिळ चांगलं येतं, पण घरात मराठी बोलतो, चालेल का? चालेल. कधी काही केलेलं नाही, चालेल का? "मॅडम, तुम्ही या तरी!" पलीकडचा मुलगा म्हणाला.  दहावीच्या निकालालासुद्धा तिला इतकं धडधडलं नव्हतं.

घरी सांगितल्यावर नवऱ्यानं, म्हणजे शेषाद्रीनं, चष्मा काढला. तो शाळेत गणित शिकवतो. "हसवायला शिकवणारी शाळा? परीक्षा कशी घेतात मग, गुदगुल्या करून?"

सासूबाई तिथंच कॉफी पीत होत्या. त्यांचं नाव वेंकूबाई, वय बहात्तर, घरातले सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी कॉफीचा डबरा, म्हणजे ती पसरट वाटी, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "शिकायला कोठें जावें लागतें गे? मज कोणी शिकवलें?" तंजावरच्या मराठी घरांत ही 'मज' नि 'कोठें' अजून धडधाकट आहेत, आणि अक्कांच्या तोंडी तर ती चांगलीच शोभतात.

अक्कांना खरंच कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. ही काय चीज होती ते सांगायला हवं. या गावात आपली माणसं साडेतीनशे वर्षं राहताहेत. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये, आणि चार लोकांत घरचं काही बोलायचं झालं की हळूच मराठी. आजूबाजूला कुणाला कळत नाही ना! मग लग्नाचा हॉल असो, बस असो, नाहीतर भाजीबाजार, समोरच्या माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल मराठीत बोलायचं आणि चेहरा देवळात बसल्यासारखा ठेवायचा. ही कला घरोघरी आहे, पण अक्का त्यातल्या सम्राज्ञी. ओठ हलायचे नाहीत, मान वळायची नाही. समोरून दागिन्यांनी मढलेली बाई आली की तिला तमिळमध्ये "ये गं, किती दिवसांनी!" आणि त्याच सुरात शेजारी बसलेल्या सुनेला मराठीत, "आत मान अहे का बघ."

भुवना ओरत्तनाडूची, मराठीच घरातली, म्हणजे तिला शब्दन् शब्द कळायचा. बावीस वर्षांच्या संसारात तिनं हसू दाबायला किती पदर चावले असतील देव जाणे! त्यातून लग्नात अक्कांची एक खास पद्धत होती. मंगळसूत्र बांधायच्या घडीला नादस्वरम आणि ढोल एकदम कडाक्यानं वाजतात, त्याला इथं गेट्टी मेळम म्हणतात. दिवसभरातलं सगळ्यांत जहाल वाक्य अक्का तेवढ्यासाठी राखून ठेवायच्या. त्या गदारोळात कानाशी येऊन बोलायच्या, म्हणजे सुनेला मनसोक्त हसता यावं आणि लोकांना वाटावं, काय हा आनंद हिला लग्नाचा.

असो. भुवना शाळेत जायला लागली.

वर्गात अकरा जण. बहुतेक कॉलेजची पोरं, एक साडीच्या दुकानात काम करणारी संगीता, आणि ही. शिकवणारा प्रणवेश एकोणतीस वर्षांचा, अंगानं काडी, पण शिस्तीचा एकदम कडक. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, इथं कुणी चांगलं-वाईट म्हणणार नाही. प्रत्येकाचं बोलणं रेकॉर्ड करायचं, मग सगळ्यांनी मिळून ऐकायचं, आणि जिथं हशा आला तिथं कागदावर एक रेघ मारायची. रेघा मोजायच्या. बस्स.

पहिल्या खेपेला भुवनानं मोबाइलवर फिरणारे नवरा-बायकोचे विनोद सांगितले. शांतता पसरली. म्हणजे कशी, तर खालच्या झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र ऐकू येत होतं. नंतर रेकॉर्डिंग लावलं तेव्हा तिच्या कागदावर एकच रेघ होती.

"ही कुठल्या वाक्याला?" प्रणवेशनं विचारलं.

"वाक्याला नाही सर," संगीता म्हणाली. "खुर्ची करकरली."

आणि भुवनाला इतका आनंद झाला! हो, आनंद. ती तरातरा घरी आली आणि दारातूनच ओरडली, "शून्य! अक्का, चक्क शून्य!" शेषाद्रीला वाटलं हिला काहीतरी झालं. झालं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बोलणं तिच्या भातासारखं मोजलं होतं, आणि मोजणं म्हणजे काय हे तिला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग तिनं आपली पद्धत काढली. वहीत विनोद लिहायचा, मराठी सुचला तर मराठीच, पण तमिळ अक्षरांत, कारण दुसरी अक्षरं तिला येत नव्हती. शेजारी समासात ओलाव्याचा आकडा टाकायचा. सव्वीस, चोवीस, एकोणतीस. आणि वाळवायला घ्यायचा. वाळवणं म्हणजे शब्द काढून टाकणं. 'माझी एक मैत्रीण आहे, ती एकदा असं झालं की', सगळं बाद. जेवढं हशाला लागतं तेवढंच ठेवायचं. केंद्रावर दुपारी ट्रॅक्टरची वाट बघताना ती हे करायची, पोत्यांच्या थप्पीला टेकून. हमाल विचारायचे, मॅडम, काय चाललंय? "वाळवतेय," ती म्हणायची. पाचव्या रविवारी तिच्या सात रेघा आल्या. सहाव्याला नऊ. सोमवारी तिनं मोजलेल्या पहिल्या भाताचा आकडा सोळा आला, आणि तिनं तो अशा उत्साहानं ओरडून सांगितला की शेतकरी घाबरला.

नवव्या रविवारी प्रणवेशनं खरी गोष्ट सांगितली. शेवटी कार्यक्रम होणार, लोकांसमोर, प्रत्येकाला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत वीस रेघा आल्या तर पुढच्या वर्गात प्रवेश. पुढचा वर्ग म्हणजे रंगमंचासाठी लिहिणं, गावोगावी कार्यक्रम. वीस आल्या नाहीत तर हात मिळवायचा आणि घरी जायचं. "आणि ऐकीव काही चालणार नाही," तो म्हणाला. "भुवना मॅडम, तुम्हाला घरी कोण हसवतं?"

"सासू," भुवना म्हणाली. विचार करावाच लागला नाही.

"सासूचे विनोद जगात ढिगानं आहेत."

"सासूवरचे असतील. हे सासूनं केलेले आहेत."

आणि ती उठून उभी राहिली. लग्नाचा हॉल, पुढून तिसरी रांग, अक्कांचा तो सोज्वळ चेहरा, अक्कांची ती मराठी वाक्यं आणि पाठोपाठ त्यांचं तमिळ. भुवनाचा इस्त्रीचा चेहरा आयताच तयार होता. मग घरातला प्रसंग, शेजारच्या भामा मामींचा. हा तर कळस होता. भामा मामी तमिळ, वय एकोणसत्तर, चाळीस वर्षांच्या शेजारीण, दोन घरांत एक भिंत. नवरा गेलेला, मुलं परदेशात. रोज चारला कॉफीला यायच्या. मधुमेह आहे, आणि रक्त तपासायच्या वाटेवर मिठाईचं दुकान आहे. येऊन बसायच्या आणि सांगायच्या, "वेंकू, मी गोड पार सोडलं बघ." अक्का तमिळमध्ये म्हणायच्या, "शाबास, असं पाहिजे." आणि सुनेकडे पाणी मागावं तशा सुरात मराठीत, "ओठास तूप लागलें अहे बघ. अशोका हलव्याचें." तेवढ्यात मामी पदरानं तोंड पुसायच्या, आणि भुवना कप घेऊन स्वयंपाकघरात पळायची.

संगीता खुर्चीवरून खाली सरकली. प्रणवेशला रेघा मारायला हात पुरेना. बावीस! अकरापैकी कुणाच्याच अजून पंधराच्या वर गेल्या नव्हत्या. भुवना जिना उतरली ती उड्या मारत, पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि चौकात येऊन थांबली.

कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हे लोकांसमोर सांगायचं? म्हणजे साऱ्या गावाला कळणार की साडेतीनशे वर्षं ही माणसं आपल्या तोंडावर आपल्याबद्दल काय काय बोलतात! आणि कार्यक्रमाला अक्का येणार म्हणून बसल्या होत्या. आणि अक्का कुठं जायच्या तर भामाशिवाय जायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अक्का शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. भुवना समोर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. अक्कांचे हात थांबले.

"मग उद्यापासून मी काय बोलूं?" त्या म्हणाल्या. "आणि कोठें बोलूं? सगळ्यांस कळल्यावर?"

 भुवनानं आजवर हा विचारच केला नव्हता की अक्कांचं सगळं हसू या एका गोष्टीत आहे. देव नाही, टीव्ही नाही, तक्रार नाही. एवढीच एक मजा. पुढचे दोन दिवस अक्का बाजारात गेल्या आणि गप्प परत आल्या. एक भाजीवाला वांगी अशी हळुवार उचलून तोलत होता की जणू अंगडं-टोपडं घातलेलं बाळ, तरी अक्का गप्प. भुवनाचा जीव तुटला. वहीच फाडून टाकावी असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याच भाजीवाल्यासमोर अक्कांचे ओठ न हलता आवाज आला, "बारशास बोलावलें नाहीं गे आपणांस." भुवनानं पदर तोंडात कोंबला. घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "सांग. लग्नाचें सांग, बसचें सांग. मी म्हातारी झालें, मज कोण काय करणार? पण भामाचें नको. ती मनास लावून घेईल आणि भिंतीच्या तिकडेच राहील. मग चारला माझ्याकडे कोण येईल?"

"नाही सांगणार अक्का. शपथ."

शपथ घेतली खरी, पण आता हिशेब बघा. भामा मामी काढल्या की बाविसातल्या नऊ रेघा गेल्या. उरल्या तेरा. भुवनानं काय काय केलं! भाताचे विनोद घातले, शेषाद्रीचे घातले, बस कंडक्टर घातला. समासातले आकडे वीसच्या खाली येईनात. प्रणवेश म्हणाला, "मॅडम, तो शेजारणीचा भाग का काढलात? तोच तर कणा आहे." भुवना म्हणाली, "घरचा आहे." त्यानं नुसती मान हलवली.

आणि तरीही, खरं सांगते, तिच्या अंगातला उत्साह काही जाईना.  आंघोळीला पाच मिनिटं, बरोब्बर पाच, कारण ती आत सगळा कार्यक्रम म्हणून घ्यायची.

एप्रिलचा शेवटचा रविवार. लग्नाची तिथी नव्हती म्हणून संस्थेला एका लहानशा मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल मिळाला होता. सकाळी साडेदहाची वेळ, दीडशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. केंद्रावरचे चार हमाल धुतलेले शर्ट घालून आले होते. पहिल्या रांगेत शेषाद्री, त्याच्या शेजारी अक्का निळ्या रेशमी साडीत, आणि अक्कांच्या शेजारी भामा मामी, हातात पंखा. कोपऱ्यात प्रणवेश कागद-पेन घेऊन बसलेला.

भुवनाचा नंबर शेवटचा. तिनं माइक हातात घेतला, चेहऱ्याला इस्त्री केली, आणि तमिळमध्ये सुरुवात केली.

"आम्ही तंजावरचे मराठी. तुमच्यात साडेतीनशे वर्षं राहतोय. तुम्ही म्हणता, फार शांत लोक आहेत हो." ती थांबली. "आम्ही शांत नाही. तुमच्याबद्दल बोलतोय."

हॉल फुटला! पहिल्याच वाक्याला! ती पुढे गेली, लग्नाची तिसरी रांग, दागिन्यातली मान, ते गेट्टी मेळम. लोक मागं वळून आपापल्या मराठी शेजाऱ्यांकडे बघत होते आणि शेजारी छताकडे. हमालांपैकी एक जण टाळ्या वाजवत उभाच राहिला. तिचे कान तापले होते, आणि तिला कुठून कुठं उडून जावंसं वाटत होतं. पण हॉलमधल्या हशांचा अंदाज ती घेतच होती. तिसरं मिनिट संपलं तेव्हा तेरा. मग आला बस कंडक्टर. ओला. दोन-चार जण हसले, पंखे फिरले. मग शेषाद्री. तोही ओला. चौथं मिनिट सरत आलं आणि हॉल हळूहळू थंड होताना तिला दिसला. चौदा. उरलेल्या मिनिटात सहा कुठून आणायच्या? तिला ठाऊक होतं कुठून. जिभेच्या टोकावर होतं. तिनं पहिल्या रांगेकडे बघितलं, अक्कांनी तिच्याकडे बघितलं, आणि भुवनानं ते गिळलं.

"तर आमच्या भातखरेदी केंद्रावर—" तिनं सुरू केलं.

"ते राहूं दे गे भुवना!" पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "अशोका हलव्याचें सांग कीं!"

मराठीत.

अक्कांच्या मराठीत, अक्कांच्याच हेलात. पण अक्कांचं तोंड तर उघडं पडलं होतं. बोलल्या होत्या भामा मामी. पंखा हलवत, एकदम निवांत.

भुवनाच्या हातातला माइक तसाच राहिला. हॉलमधल्या दीडशे जणांना कळेना की काय झालं, ही बाई का थांबली, ती निळ्या साडीतली म्हातारी शेजारणीकडे भूत बघितल्यासारखी का बघतेय. शाळेत शिकवलं होतं की मधेच कुणी बोललं तर लपवू नका, सगळ्यांना सांगा. भुवनानं माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"या," ती तमिळमध्ये म्हणाली, "आमच्या शेजारीण. तमिळ. चाळीस वर्षं रोज आमच्याकडे कॉफीला येतात." थांबली. "चाळीस वर्षं माझी सासू त्यांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल मराठीत बोलतेय." पुन्हा थांबली.  "आत्ता त्यांनी मला एक फर्माईश केली. मराठीत."

अहो, काय झालं म्हणून सांगू! मागच्या रांगेपर्यंत लोक अक्षरशः ओरडले. हसू थांबेना. जरा ओसरलं की कुणाची तरी नजर अक्कांवर जायची आणि परत. भुवनानं अक्कांकडे बघितलं. अक्कांनी एकदा भामाकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि हाताचा पंजा असा हलवला, की सांग बाई आता, उरलं काय. मग भुवनानं सांगितलं, सगळं, ओठावरच्या तुपासकट. आणि 'ओठास तूप लागलें अहे बघ' असं ती म्हणाली त्या क्षणी भामा मामींनी पहिल्या रांगेत, सगळ्यांदेखत, पदरानं तोंड पुसलं.

पुढचं भुवनाला आठवत नाही. लोक उभे होते एवढं आठवतं. प्रणवेश धावत आला, कागद दाखवत. त्यावर सतरा रेघा होत्या आणि पुढं नुसता एक फराटा.

"सतराच?" भुवनानं कागद ओढून घेतला.

"मॅडम, पुढं मोजता आलं नाही! मी हसत होतो. जूनमध्ये या, पुढच्या वर्गाला."

परत जाताना शेषाद्री स्कूटरवर गेला आणि तिघी बायका रिक्षात बसल्या, मधे अक्का. रिक्षा मोठ्या देवळापाशी आली. अक्का समोर रिक्षावाल्याच्या मानेकडे बघत होत्या. मग तमिळमध्ये, पाणी मागावं तशा सुरात, त्यांनी विचारलं, "केव्हापासून?"

"तू शेषाद्रीला रागवायचीस ना रोज, पलीकडच्या खोलीत," भामा मामी म्हणाल्या. "मी इथं नवी, घरात दिवसभर एकटी. भिंतीला कान लावून ऐकायची. पहिल्यांदा शिव्या कळल्या. वर्षभरात बाकीचं."

"आणि बोलली नाहीस? चाळीस वर्षं? माझं सगळं ऐकत बसलीस, माझ्यासमोर, कॉफी पीत?"  अक्कांच्या आवाजात राग होता, लाज होती, आणि डोळ्यांत पाणी होतं. "का नाही बोललीस, भामा?"

भामा मामींनी पंखा मिटला. "बोलले असते तर तू थांबली असतीस," त्या म्हणाल्या. "मग मी चारला कशाला आले असते? कॉफी तर माझ्या घरीही होती."

भुवनानं तोंड बाहेर फिरवलं. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा वाहायला लागलं होतं.  अक्कांनी नुसता भामाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि धरून ठेवला.

कालव्याचा पूल ओलांडल्यावर भामा मामी खाकरल्या. "भुवना, पुढच्या वर्गाला नवीन काही लागेल ना तुला? तुझ्या सासूबद्दल माझ्याकडे चाळीस वर्षांचं आहे. मीही मनातल्या मनात बोलतच होते."

"माझ्याबद्दल?" अक्का ताठ बसल्या.

"मग? तू एकटीच बोलणार होतीस?"

भुवनानं पिशवीतून वही काढली, पेन काढलं, आणि हलत्या रिक्षात गुडघ्यावर कोरं पान उघडलं. तिनं अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पदर सारखा केला, चेहऱ्यावर देवळातला भाव आणला, आणि ओठ न हलवता मराठीत म्हणाल्या, "लिही. पण समासातला आकडा मी सांगेन. आणि रिक्षा त्या मिठाईच्या दुकानाशी थांबव, हिचा ओठ कोरडा अहे."

"मज कळलें गे," भामा मामी म्हणाल्या.